गवताला भिऊ नका

चौतीस वर्षं मी छापखान्यात फिल्म लावायचं काम केलं आणि त्या चौतीस वर्षांत माझ्या हातून एकही फोटो उलटा छापला गेला नाही. हे मी येता-जाता सांगायचो. बायको म्हणायची, आल्या-गेल्याला पाणी विचारायच्या आधी सांगता. सांगायचो. लोक मुलांच्या नोकऱ्यांचं सांगतात, मी हे सांगायचो. गेल्या रविवारी सकाळी साडेदहापर्यंत सांगत होतो.

हे काम आता कुणाला माहीत नाही. तेव्हा पानातला प्रत्येक फोटो आणि प्रत्येक मजकूर फिल्मवर असायचा, आणि खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर ती फिल्म चिकटवून पान जुळवायचं. फिल्मला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक निस्तेज. निस्तेज बाजू वर ठेवायची, म्हणजे छपाईच्या प्लेटवर पान सुलट उतरतं. पण मग टेबलावर सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. पहिल्या वर्षी डोकं गरगरतं. पाचव्या वर्षी उलटा मजकूर सुलट्याइतकाच भराभर वाचता येतो. पंधराव्या वर्षी तो उलटा आहे हेच जाणवेनासं होतं.

दोन महिन्यांपूर्वी पुरवणीवालीचा फोन आला. ही पूर्वी आमच्याकडे प्रूफं वाचायला होती, आता एका वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी बघते.

"काका, आपल्या राज्यातल्या पाच जागा हव्यात. इथल्याच माणसाने प्रेमाने सांगितलेल्या. गर्दीच्या नकोत. तुम्ही सुट्टीत कॅमेरा घेऊन हिंडायचात ना?"

हिंडायचो म्हणजे काय, दुसरं करायचो काय. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला एवढं पुरे होतं. त्याच दुपारी मी कपाटातून स्लाइडांचा डबा काढला. रंगीत फिल्मचे सुटे तुकडे, एकेका पाकिटात. घरात जुनं लाइट टेबल आहे, छापखाना बंद पडला तेव्हा मी उचलून आणलेलं. त्यावर एकेक तुकडा ठेवायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि बघत बघत लिहायचं.

पहिली जागा तलावाची. पुढून तो सगळ्यांनी पाहिलाय, मी सांगितला पंपघराच्या मागून. तिथल्या शेवटच्या पायरीवर बसलं की पाणी थेट डोळ्यांच्या पातळीवर येतं. दुसरी, डोंगररस्त्यावरचं एक वळण, जिथून खालचे तिन्ही पूल एकदम दिसतात. तिसरी, बंद पडलेली दगडाची खाण, पाणी साठून हिरवीगार झालेली. चौथी, नदी इतकी उथळ पसरते की गुरं आणि ट्रॅक्टर एकाच पाण्यातून शेजारी शेजारी जातात आणि कुणी कुणाला ओलांडायची घाई करत नाही. ह्या जागांवर माझा जीव आहे. माणसं मला लवकर कंटाळवाणी होतात, जागा होत नाहीत.

पाचवी मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. जंगलखात्याच्या चौकीपासून चाळीस मिनिटं चढायचं, मग दोन पुरुष उंचीचा, मधोमध दुभंगलेला खडक लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना छातीइतकं गवत. एका बाजूला गवतातून दहा-बारा पावलं गेलं की कुणी तरी कधी तरी खोदलेल्या पायऱ्या लागतात आणि त्या उतरलं की एक दगडी ओटा. ओट्यावर बसायचं. समोर दरी, पलीकडे एकामागे एक डोंगर, आणि शेवटचा इतका फिका की तो डोंगर की ढग यावरून माझं आणि लेकीचं भांडण झालं होतं. नऊ वर्षांची होती ती. त्यानंतर मी तिथे गेलो नाही. त्याला बावीस वर्षं झाली.

खडकाच्या दुसऱ्या बाजूलाही तसंच गवत आहे, तितकंच उंच. पण तिथे ते कड्याच्या बाहेर ओणवलेलं आहे. जमीन संपते आणि गवत संपत नाही.

लिहिताना एकदा मनात आलं की पायऱ्या उजवीकडे होत्या. मी पुन्हा भिंग लावून बघितलं. स्लाइडमध्ये पायऱ्यांची बाजू डावीकडे होती आणि 'पुढे कडा' ही पाटी उजवीकडे. बावीस वर्षांची आठवण आणि फिल्म यांत मी कुणाचं ऐकणार? मी लिहिलं: "दुभंगलेल्या खडकापाशी डावीकडे वळा. गवत छातीला लागेल. गवताला भिऊ नका, समोरच्या डोंगरांकडे बघत बिनधास्त चालत राहा, दहा-बारा पावलांवर पायऱ्या तुमची वाट बघताहेत. उजवीकडे मात्र फिरकू नका, तिकडे कडा आहे, तशी पाटीही आहे." आणि वर आणखी शहाणपणा: "तिथे फोनला रेंज नाही, हे त्या जागेचं सगळ्यात मोठं सुख."

रविवारी पुरवणी आली. फोटो एकच छापला होता, तलावाचा. बाकीच्यांना जागा नव्हती म्हणे. मी नाक मुरडत मजकूर तीनदा वाचला.

आठ वाजता लेकीचा फोन आला, पेट्रोल पंपावरून.

"बाबा, ओळखा आम्ही कुठे चाललोय."

"मला काय माहीत? बाजारात."

"पाचव्या जागी. तुमचं पान घेतलंय बरोबर. जावई तुमचे सकाळी साडेपाचला उठले, म्हणजे लेखात किती दम आहे बघा."

"पाणी घ्या भरपूर. आणि वाटेत रेंगाळत बसू नका, ऊन चढतं," मी म्हणालो. ती लहानपणापासून रेंगाळणारी. शाळेत जाताना प्रत्येक कुत्र्याची चौकशी करत जायची. मी त्यावरून तिला किती बोललोय त्याला गणती नाही.

साडेदहाच्या सुमाराला बायकोला ती जागा बघायची हुक्की आली. तेव्हा ती आमच्याबरोबर आली नव्हती, शाळेच्या परीक्षा होत्या. पहिलीच्या वर्गाला शिकवायची ती, निवृत्त होईपर्यंत पहिलीच. मी मोठ्या ऐटीत लाइट टेबल लावलं, स्लाइड ठेवली, भिंग तिच्या हातात दिलं.

ती बराच वेळ वाकून बघत होती.

"छान आहे हो," ती म्हणाली. "पण ही पाटी अशी उलटी का लिहिलीय?"

"कुठे उलटी? पुढे कडा. स्पष्ट तर आहे."

"स्पष्ट आहे, पण उलटी आहे. आमची पहिलीतली पोरं लिहायची तशी."

मी भिंग घेतलं. पुढे कडा. मला सरळ वाचता येत होतं. मी पुन्हा वाचलं आणि या वेळी वाचण्याऐवजी एकेक अक्षर बघितलं. 'क' चं पोट नको त्या बाजूला होतं. मी फिल्मच्या कोपऱ्यावरून नख फिरवलं. खरखरीत लागलं. निस्तेज बाजू वर. चौतीस वर्षं ठेवली तशीच माझ्या हाताने ठेवली होती, दोन महिन्यांपूर्वीही आणि आताही.

मी तुकडा उलटा केला. खडक तोच, गवत तेच. पाटी डावीकडे गेली.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

मी पुरवणीचं पान उचललं आणि डावीकडे वळा या शब्दांवर बोट ठेवलं. तिने ते वाचलं, मग स्लाइड बघितली, मग फोन उचलून माझ्या हातात दिला. चौतीस वर्षांत मला एवढं पटकन कुणी समजून घेतलं नव्हतं.

लेकीचा फोन लागेना. जावयाचा लागेना. संपर्क क्षेत्राबाहेर, असं ती यंत्रातली बाई शांतपणे सांगत होती. सगळ्यात मोठं सुख. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

"चौकी आहे म्हणालात ना तिथे? तिथे फोन असेल," बायको म्हणाली. तिचं डोकं जागेवर होतं. माझं नव्हतं.

जंगलखात्याची डायरी आम्ही छापायचो. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत मी ठेवायचो, बायको त्याला रद्दीचं दुकान म्हणायची. ती पलंगाखाली शिरली, मी कपाटावर चढलो. डायरी तिला सापडली. मागच्या पानांवर सगळ्या चौक्यांचे नंबर होते. मी लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही.

"जुना आहे तो. नंतर सगळ्या नंबरांच्या आधी दोनचा आकडा लागला होता," ती म्हणाली. मग तिनेच तसा लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. घंटी वाजत राहिली. अकराव्या वेळी कुणी तरी उचलला.

"चौकी."

"तुमच्याकडून वर खडकापाशी आज कुणी गेलंय का?"

"मीच कुणाला तरी विचारणार होतो, आज आहे काय इथे? सकाळपासून तीन गाड्या आणि एक मोटरसायकल. एरवी महिनोन् महिने चिटपाखरू येत नाही."

"पांढरी गाडी. नवरा-बायको. तिने..."

"निळी टोपीवाली ताई? गेली की. अर्धा तास होऊन गेला. पेपरातलं पान माझ्या तोंडासमोर नाचवलं, म्हणाली, माझ्या बाबांनी लिहिलंय."

"मी तिचा बाप. ते पान चुकलंय. मी डावीकडे जा असं लिहिलंय."

तो म्हणाला, "डावीकडे कडा आहे, साहेब."

"तिथे पाटी आहे ना पण? पुढे कडा म्हणून? पाटी बघून थांबतील ते."

"पाटी? कोणत्या जमान्यातलं सांगताय. ती कुजून पडली त्याला पंधरा वर्षं झाली, आता खांबसुद्धा नाही." मग त्याचा आवाज बदलला. "ओढ्यातून सरळ चढलो तर मी पंधरा मिनिटांत पोचतो. ठेवतो."

त्याने फोन ठेवला नाही. रिसीव्हर टेबलावरच टाकला असावा. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग धावती पावलं, दार, आणि मग फक्त पंख्याची घरघर.

पंधरा मिनिटं त्याची. लेकीला चाळीस लागणार, त्यातली तीसहून जास्त संपलेली. हे गणित पहिलीतल्या पोरालाही सुटलं असतं. ती पाच मिनिटं आधी पोचत होती. चढ जोमाने चढली असेल तर दहा. वाटेत रेंगाळू नका, असं मीच बजावलं होतं. आणि आता एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझी सगळी भिस्त तिच्या रेंगाळण्यावर होती. एखादं कुत्रं भेटू दे, मी मनात म्हणत होतो. बुटाची नाडी सुटू दे. जावयाला दम लागू दे. पोट सुटलंय त्याचं, त्याला धाप लागते, थांब म्हणू दे त्याला.

बायकोने तिच्या फोनवरून पुरवणीवालीला लावला. "तुझे काका बोलू शकत नाहीत," एवढं सांगून तिने सगळं दोन वाक्यांत सांगितलं. पुरवणीवाली म्हणाली, "मोबाइलवरचं मी आत्ता काढते, काकू. पण छापलेल्याचं काय करू? अठ्ठेचाळीस हजार घरांत गेलंय."

छापलेल्याचं काहीही करता येत नाही. हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी बाकीच्या चारही स्लाइड उलटून बघितल्या. लिहिताना त्याही मी तशाच उलट्या लावल्या होत्या. तलावापाशी उलट्या बाजूला गेलं तर पंपघराची भिंत लागते, नदीपाशी काहीच फरक पडत नाही. चार ठिकाणी माझी चूक नुसती चूक होती. मी हे का बघत होतो कोण जाणे. हाताला काही तरी हवं होतं.

पंखा घरघरत होता. मी घड्याळाकडे पाठ करून बसलो, पण घड्याळाकडे पाठ केली की ते जास्तच ऐकू येतं. अकरा वाजले. सव्वाअकरा. एकदा चौकीत कसला तरी धप्प आवाज झाला, आम्ही दोघंही फोनवर झेपावलो. खिडकी आपटली असावी. बायको माझ्याशेजारी येऊन बसली. मला वाटलं, आता बोलेल. चांगलं फैलावर घेईल, घ्यायलाच हवं. पण तिने माझ्या मुठीत कोंबलेली पुरवणी सोडवून घेतली आणि गुडघ्यावर सपाट करत बसली.

"मला आठवत होतं," मी म्हणालो. "लिहिताना आठवत होतं की उजवीकडे आहे."

"मग?"

"फिल्ममध्ये डावीकडे दिसलं."

भीती कशी असते हे मला माहीत आहे, असं मला वाटायचं. कामगार कपातीच्या वेळी घाबरलो होतो, बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी घाबरलो होतो. पण त्या भीतीत शिव्या घालायला दुसरं कुणी तरी होतं. ह्या वेळी डोळे मिटले की गवतातून जाणारी निळी टोपी दिसायची, आणि मागून कुणी तरी तिला धीर देत असायचं, आणि तो आवाज माझा असायचा.

बारा वाजून सात मिनिटांनी पंख्याच्या आवाजात पावलं ऐकू आली. एकाची नव्हती. कुणी तरी रिसीव्हर उचलला.

"बाबा? बाबा, फोन चालूच आहे?"

बायकोने तोंडावर पदर धरला.

"आम्ही ठीक आहोत. दोघंही. बाबा, ऐकताय ना? चौकीवाल्या दादांनी शिट्टी मारली. लांबून मारत होते, मला आधी वाटलं पक्षी आहे."

"कुठे होतीस तू?" मी विचारलं.

"गवतात."

"किती आत?"

"दादा म्हणाले, अजून दोन पावलं." मग पुढे म्हणाली, "मी पुढे होते. हे मागे खडकापाशी धापा टाकत बसले होते."

मी डोळे मिटून घेतले.

"खरं सांगू? खडकापाशी आल्यावर मला वाटलं होतं की उजवीकडे आहे. लहानपणी आपण तिकडूनच उतरलो होतो, मला चांगलं आठवत होतं, तुम्ही माझा हात धरला होतात. मी ह्यांना म्हटलंसुद्धा. पण तुम्ही डावीकडे लिहिलं होतंत. म्हटलं, माझंच चुकत असणार. बाबा कधी उलटं लावत नाहीत."

मी रडलो. म्हाताऱ्या माणसाने रडावं तसं, नाक गळत, आवाज न करता. तिला ते कळलं असणार, कारण ती उगाचच पाण्याबद्दल आणि उन्हाबद्दल बोलत राहिली. मग आईशी बोलली. बायकोने "बरं, बरं, सावकाश ये" असं सात-आठ वेळा म्हटलं आणि मी पाणी प्यायला उठलो. घशाखाली घोट गेला तेव्हा कुठे मला श्वास आला. एका मिनिटात मी पुन्हा माणसात आलो, पंखा लावला, चहाचं आधण ठेवायला भांडंसुद्धा काढलं.

"आणि बाकीचे?" बायकोने फोनमध्ये विचारलं.

भांडं माझ्या हातातच राहिलं. तीन गाड्या आणि एक मोटरसायकल. माझी लेक सापडली होती आणि मी त्या सगळ्यांना विसरलो होतो. साफ विसरलो होतो.

लेक म्हणाली, दोन गाड्यांतली माणसं वाटेतच भेटली, त्यांना परत पाठवलं. मोटरसायकलवाले दोघं कुणालाच दिसले नाहीत. ते सगळ्यात आधी वर गेले होते. मोटरसायकल चौकीखाली उभी होती, आरशाला हेल्मेट अडकवलेलं. चौकीवाला पुन्हा वर गेला होता. जावईही त्याच्याबरोबर गेला, धाप लागत असताना. ती आता चौकीतच थांबणार होती, ते परत येईपर्यंत.

मग पुन्हा तेच. पंख्याची घरघर, आणि ह्या वेळी पंख्याखाली माझी लेक. ती अधूनमधून म्हणायची, "नाही अजून." साडेपाचला ते दोघं सापडले. खडकापर्यंत ते गेलेच नव्हते. अर्ध्या वाटेवरून आडवं बरंच आत जाऊन झाडीआड झोपले होते, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून. जावयाने उठवलं तेव्हा उलट त्याच्यावरच चिडले. मला त्यांची नावं माहीत नाहीत. त्या पाच तासांत मी त्यांच्यासाठी जेवढं मागितलं तेवढं स्वतःच्या पोरीसाठीही मागितलं नसेल, आणि ते आधी विसरल्याची लाज त्यात होतीच.

सोमवारी वर्तमानपत्रात दुरुस्ती छापली, पहिल्या पानावर, चौकटीत. पुरवणीवालीने भांडून मिळवली ती जागा. पण दुरुस्ती वाचतं कोण? मी तरी आयुष्यात कधी वाचली नाही. लोक आवडलेलं पान कापून ठेवतात, पुढच्या सुट्टीसाठी. अठ्ठेचाळीस हजार घरांतल्या किती कपाटांत ते पान ठेवलेलं असेल, हा विचार मला भर दुपारी जेवताना येतो आणि घास फिरतो.

मंगळवारी मी पत्र्याची पाटी आणली. चौकीवाला म्हणाला, खांब मी देतो, परवानगी-बिरवानगी नंतर बघू, तुम्ही पाटी घेऊन या. पिवळा रंग दिला, तो वाळला, मग काळ्या रंगात वीतभर उंचीची अक्षरं काढली. अक्षर माझं चांगलं आहे. खाली 'पायऱ्या' लिहून त्यापुढे उजवीकडे बाण काढला. मग लांब उभा राहून बघितलं. पुढे कडा. मला वाचता येत होतं. पण मला तर ते कसंही वाचता आलं असतं.

मी बायकोला बाहेर बोलावलं. ती ओले हात पुसत आली.

"बघ गं," मी म्हणालो. "सरळ आहे का?"

तिने बघितलं. "सरळ आहे."

"बाण?"

"उजवीकडे."

"तुझ्या उजवीकडे?"

"माझ्या उजवीकडे," ती म्हणाली, आणि आपला ओला उजवा हात वर करून मला दाखवला.

मी मान हलवली. ती आत जायला वळली, तशी मी तिला पुन्हा हाक मारली आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं.